आम्ही पाणी पाळलंय

आमच्याकडे काचेची एक पेटी आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. गेल्या वर्षापर्यंत तिच्यात कांदे राहत होते.

मूळची ती माशांचीच. २००६ साली नाशिकमधल्या इंदिरानगरच्या या फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा घराला जरा शोभा हवी म्हणून मी ती गावातून आणली. पेटी, निळी खडी, झाकण उघडून बुडबुडे सोडणारा प्लॅस्टिकचा पेटारा आणि चार गोल्डफिश अशी सगळी खरेदी एका रविवारी मिसळ खाऊन झाल्यावर तासाभरात उरकली. पेटी आणि मासे एकाच दिवशी घ्यायचे नसतात हे दुकानदारानं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मिसळ खाल्ल्यावर माणसाला प्रश्न पडत नाहीत. शनिवारपर्यंत चौघेही गेले. पेटाऱ्याचं झाकण मात्र पुढं महिनाभर उघडझाप करत होतं. मग पेटी गॅलरीत गेली. बायकोच्या माहेरून, म्हणजे निफाड तालुक्यातून, कांद्याची गोणी आली की निम्मा कांदा तिच्यात राहू लागला. काचेआड कांदा फार राजबिंडा दिसतो. पाहुणे थबकून विचारायचे, ‘हे काय?’ बायको सांगायची, ‘उन्हाळ कांदा.’

गेल्या वर्षी आषाढात माझ्या वाचनात आलं की झाडांचा टँक केला तर देखभाल जवळजवळ शून्य असते. ‘देखभाल शून्य’ या दोन शब्दांवर भाळून मी आजवर सोलर बंब, मॉड्युलर किचन आणि एक विमा पॉलिसी घेतलेली आहे. तरीही भाळलो. कल्पनाच तशी होती. मासे कमी, झाडं जास्त. माशांची घाण झाडं खातात, झाडं पाणी शुद्ध ठेवतात, आणि मालकानं खुर्चीत बसून बघायचं. या पंथाच्या आचार्या म्हणजे अमेरिकेतल्या डायाना वॉलस्टॅड. १९९९ साली त्यांनी पुस्तक लिहून मार्ग दाखवला: तळाला कुंडीतल्यासारखी साधी माती, तिच्यावर वाळूचा किंवा खडीचा थर, पहिल्याच दिवशी भरपूर झाडं, आणि मग उठसूट पाणी बदलणं नाही. त्यांच्याही दीडशे वर्षं आधी रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनशास्त्रज्ञानं एका भांड्यात दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची रोपं ठेवून हेच करून पाहिलं होतं. पानं कुजून पाणी गढुळायला लागलं, तर त्यानं गोगलगायी आणून सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं खाल्ली, पाणी निवळलं. त्यानंही पाणी बदललं नाही, हे वाचून मला फार धीर आला.

कांदे पलंगाखाली गेले.

मातीचा प्रश्न निघाल्यावर मेहुण्याला फोन करणं आलंच. त्याची चार एकर द्राक्षबाग आहे. जे जे उगवतं त्याला खत लागतं आणि जे उगवत नाही त्याला जास्त लागतं, असा त्याचा सिद्धांत आहे. दुसऱ्याच दिवशी तो काळी माती आणि कुजलेलं शेणखत एकत्र भरलेली गोणी खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर हजर झाला.

‘दाजी, क्षेत्र किती?’

‘दोन चौरस फूट.’

तो जरा वेळ गप्प राहिला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, ‘ठिबक करायचं का?’

‘अरे, ते पाण्यातच असणार आहे.’

‘मग मुळी सडंल की!’

पाण्यातली झाडं पाण्यात सडत नाहीत, हे द्राक्षवाल्याला पटवणं सोपं नाही. त्यानं आयुष्यभर मुळांशी पाणी साचू नये म्हणून देव पाण्यात ठेवलेले असतात. शेवटी ‘तुमची बाग, तुमचं नुकसान’ म्हणून त्यानं गोणी ओतली. काळी माती ओली झाली की फुगते हे जिल्ह्यातल्या शाळकरी पोरालाही माहीत आहे. मला पेटी भरल्यावर आठवलं. माती फुगली, शेणखत वर आलं, आणि ५० लिटर पाण्याचं ५० लिटर पिठलं झालं. आई बाहेर येऊन बघते तो काय! तिनं भक्तिभावानं हात जोडले. ‘गंगेला पूर आला गं बाई,’ म्हणाली.

पूर ओसरायला चार दिवस आणि २६ बादल्या लागल्या. मग गॅलरीतल्या मोगऱ्याच्या कुंडीतली जुनी, खताचा जोर गेलेली माती चाळून घेतली, इंचभर अंथरली, वर इंचभर धुतलेली वाळू. आईनं ‘पूर’ हा शब्द काढलाच होता, म्हणून मी मधोमध एक उभा काळा दगड बसवला आणि त्याचं नाव दुतोंड्या ठेवलं. गोदाघाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं यावर नाशिककर पूर मोजतात. धरणातून किती क्युसेक सोडलं ते सरकारला माहीत असू द्या; आपण विचारणार, कमरेला लागलं की छातीला? आमचा दुतोंड्या मात्र उलटं काम करतो. एरवी त्याचं फक्त डोकं बाहेर असतं. पाणी हवेत उडून छातीपर्यंत उतरलं की आई हाक मारते आणि मी दोन तांबे घालतो. हे पाणी आदल्या रात्रीपासून बादलीत उघडं ठेवलेलं असावं लागतं, कारण गंगापूर धरणातून शुद्ध होऊन नळाला येणाऱ्या पाण्यात क्लोरीन असतं. ते आपल्याला वाचवतं आणि माशांना मारतं. त्या बादलीवर मी ‘फरशीसाठी नाही’ अशी चिठ्ठी लावली आहे. फरशी रोज चकाचक असते.

पेटी कुठं ठेवायची यावर घरात तीन दिवस चर्चा झाली. पाणी ईशान्येलाच हवं, असं आईचं म्हणणं. आमच्या ईशान्येला मोठी खिडकी आहे आणि सकाळचं ऊन थेट आत येतं. ऊन आलं की शेवाळ आलं. शास्त्र विरुद्ध शास्त्र अशी ही लढाई होती आणि तडजोडीत दोन्ही जिंकली: पेटी ईशान्येला आणि खिडकीचा पडदा कायमचा बंद. आता पेटीत सात तास टायमरवर दिवा लागतो आणि उरलेल्या घरात दिवसभर.

आता सगळ्यांत कठीण भाग. माती आहे, पाणी आहे, झाडं आहेत, पण मासे चार ते सहा आठवडे सोडायचे नाहीत. का, ते मी पुढं इतक्या लोकांना समजावलं की झोपेतही सांगू शकेन. माशाची घाण आणि कुजलेलं अन्न यांतून अमोनिया होतो. पाण्यात एका प्रकारचे जिवाणू असतात, ते अमोनियाचा नायट्राइट करतात. दुसरे जिवाणू नायट्राइटचा नायट्रेट करतात. नायट्रेट फारसा त्रास देत नाही आणि झाडांना तो खायला होतो. म्हणजे ही सरकारी कचेरीतली तीन टेबलं समजा. नव्या पेटीत कचेरीची इमारत तयार असते, पण कर्मचारी रुजू झालेले नसतात. पहिल्या टेबलावरचा बाबू दहाएक दिवसांनी येतो. तो भराभर सह्या करून फाइल दुसऱ्या टेबलावर टाकतो, पण तिथला बाबू अजून यायचाच असतो! फाइल नायट्राइटच्या टेबलावर साचते, आणि नायट्राइटही अमोनियासारखाच विषारी. २००६ साली माझे गोल्डफिश या कचेरीत कर्मचारी येण्यापूर्वीच अर्ज घेऊन गेले होते. झाडं भरपूर असली तर ती अमोनिया परस्पर उचलतात, म्हणजे एजंट धरल्यासारखं काम होतं, पण तरी घाई करू नये.

घाई करू नये हे मला पटलं होतं. श्रावणात आमच्याकडे सत्यनारायण होता आणि २५ माणसं आली, त्यांना पटलं नाही.

‘मासे कुठायत हो?’

‘नाहीत अजून.’

‘मेले?’

‘नाही, आणलेच नाहीत.’

‘मग हे पाळलंय काय?’

मी जिवाणूंचं पहिलं टेबल सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात आई म्हणाली, ‘आम्ही पाणी पाळलंय.’

पुढं कुणी काही विचारलं नाही. एका मावशींनी हलक्या आवाजात बायकोची चौकशी केली, ‘यांना निवृत्तीला किती वर्षं आहेत?’ आणि गुरुजींनी जाता जाता मोकळ्या मनानं पेटीत मूठभर अक्षता टाकल्या. मी धसकलो. मग लक्षात आलं की मासे नसताना अमोनिया यावा आणि जिवाणूंना कामाला लावता यावं म्हणून पाण्यात चिमूटभर खाद्य मुद्दाम कुजवतात. गुरुजींनी तेच केलं होतं, फक्त मूठ मोठी होती.

झाडांचं सांगायचं तर हायड्रिला आणि व्हॅलिस्नेरिया दोन्ही सुटली ती सुटलीच. बाकीच्यांनी परीक्षा पाहिली. अनुबियास आणि जावा फर्न या झाडांचं आडवं जाड खोड मातीत पुरलं तर सडतं. म्हणून ती दगडाला दोऱ्यानं बांधतात किंवा चक्क फेविक्विकनं चिकटवतात. मी दुतोंड्याच्या पायाशी अनुबियास चिकटवत असताना मेहुणा आला. हातातली पिशवी तशीच धरून तो बघत राहिला. ३० वर्षं शेती केलेल्या माणसासमोर झाडाला फेविक्विक लावू नये. त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी त्याच्या बहिणीशी लग्न केलं तेव्हाही उमटलं नव्हतं.

क्रिप्टोकोरिन मात्र लावल्यावर आठ दिवसांत विरघळलं. पानं अक्षरशः जेलीसारखी होऊन गेली. जागा बदलली की हे झाड रुसून सगळी पानं टाकतं आणि मुळांतून पुन्हा फुटतं, त्याला हात लावायचा नसतो. हे मला दोन रोपं उपटून फेकल्यावर कळलं. या क्रिप्टोकोरिनच्या काही जाती आपल्याच सह्याद्रीतल्या ओढ्यानद्यांत आपापल्या वाढतात. मी मात्र ते प्लॅस्टिकच्या डबीतून, छापील किमतीला, परदेशी पाहुणा समजून आणलं होतं.

मग काचेवर तपकिरी पापुद्रा आणि दुतोंड्यावर हिरवी लव आली. नव्या पेटीत येतेच, आपोआप जाते. मेहुण्यानं एक बोट फिरवून निदान केलं: ‘डावणी.’ द्राक्षवाल्याला जगात दोनच रोग दिसतात, डावणी आणि भुरी. ‘बोर्डो मारू?’ तो म्हणाला. मोरचूद आणि चुना! तांब्यानं शेवाळ मरतं हे खरं, पण गोगलगायीही मरतात आणि जपून वापरलं नाही तर मासेही. ‘मग झिरो बावन्न चौतीस तरी सोडा थोडं. फुटवा चांगला येईल.’ तेही नको म्हणालो. ‘ऑक्टोबरात छाटणी तरी घेणार का नाही?’ ती मी घेतली. त्याचंही मन राखायला हवं.

या सगळ्या काळात मी संध्याकाळी गोदाकाठी फिरायला जायचो आणि पाण्यावर पसरलेल्या पाणवेली बघायचो. कुणी माती चाळली नाही, कुणी टायमर लावला नाही. महापालिका यंत्रं लावून काढते आणि त्या परत येतात. माझ्याकडे क्रिप्टोकोरिनचं एक पान आलं तरी मी फोटो काढायचो.

भाद्रपदात मासे आले, ते शेजारच्या काकांच्या कृपेनं. काका हिवतापात होते. म्हणजे आरोग्य खात्याच्या हिवताप विभागात होते, पण ते स्वतः ‘मी ३२ वर्षं हिवतापात काढली’ असंच सांगतात. विहिरी, हौद, डबकी शोधून त्यात डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे सोडणं हे त्यांचं काम. मी दुकानातून जोडी विकत आणणार आहे हे ऐकून ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या बाटलीत पाच गप्पी घेऊन आले, तीन माद्या आणि दोन नर, कुठल्याशा ओळखीच्या आरोग्य केंद्राच्या हौदातून.

गप्पी हे नाव गप्पांवरून पडलं असा माझा बरीच वर्षं समज होता. मूळचे हे मासे दक्षिण अमेरिकेच्या उत्तर टोकाचे आणि त्रिनिदादचे. तिथं रॉबर्ट गप्पी नावाचे गृहस्थ होते, त्यांनी नमुने लंडनला धाडले आणि १८६६ साली माशाला त्यांचं आडनाव लागलं. पुढं कळलं की त्याच्या काही वर्षं आधीच एका जर्मनानं त्याचं बारसं करून ठेवलं होतं. शास्त्रीय नाव जर्मनाचं राहिलं, हाकेचं नाव गप्पींचं. मासा अंडी न घालता थेट पिल्लं देतो, साधारण दर महिन्याला. आणि मादीची नराशी एकदा गाठ पडली की ती पुढं कित्येक महिने नराशिवायही पिल्लं देत राहते. हे मी जेवताना वाचून दाखवलं. बायको भाकरी थापता थापता म्हणाली, ‘याला म्हणतात देखभाल शून्य.’

‘काका, यांची काळजी कशी घ्यायची?’ मी वही घेऊन बसलो होतो.

‘आम्ही डबक्यात सोडायचो,’ काका म्हणाले, ‘आणि मागं वळून बघायचो नाही. म्हणून जगायचे.’

मी ‘मागं वळून बघू नये’ असं वहीत लिहून घेतलं आणि पुढचे आठ महिने आम्ही सगळे वळून वळून बघत होतो. आई तर रामकुंडावर माशांना कणकेच्या गोळ्या घालण्याच्या पुण्याला मुकली होती. आता रामकुंड घरात आलं. सकाळी तिच्या गोळ्या, दुपारी माझं खाद्य, रात्री ‘बिचारे काचेशी येऊन तोंड वासतायत’ म्हणून बायकोची चिमूट. गप्पी हा मासा जन्मतःच उपाशी दिसतो. तिसऱ्या दिवशी पाण्याला आंबूस वास आला आणि मी ‘दिवसातून एकदा, तेही डोळ्याएवढं’ असा फलक लावला. ‘कुणाच्या डोळ्याएवढं?’ आईनं विचारलं.

दिवाळीत आणखी एक गोष्ट झाली. घराची साफसफाई निघाली, पंखे झाले, माळे झाले, आणि बायकोची नजर फिल्टरच्या स्पंजवर गेली. तो काळाकुट्ट झाला होता. तिनं तो नळाच्या धारेखाली पिळून पिळून पांढरा केला आणि मला अभिमानानं दाखवला. कचेरीचे सगळे कर्मचारी त्या काळेपणात राहत होते. तीन महिन्यांत एकेक करून रुजू झालेली माणसं क्लोरीनच्या एका धारेत बडतर्फ! माती आणि झाडं होती म्हणून काम कसंबसं चालू राहिलं. मी काही बोललो नाही. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी कुणी जिवाणूंसाठी भांडत नाही.

आणि मग थंडी. उष्ण प्रदेशातले मासे पाळायला मी असं गाव निवडलंय, ज्याच्या शेजारचं निफाड दर हिवाळ्यात राज्यातल्या नीचांकी तापमानासाठी बातमीत असतं. ५० वॅटचा हीटर होता, पण जानेवारीतल्या एका रात्री वीज गेली. मी आईची गोधडी काढून पेटीला गुंडाळली आणि थर्मामीटरवर बॅटरी मारत बसलो. तीन वाजता फोन वाजला. मेहुणा.

‘जागे आहात का?’

‘हो. तू?’

‘बागेत शेकोट्या पेटवल्यात. पाणी सोडलंय. मणी तडकायला लागलेत. तुमच्याकडं किती?’

‘१९.’

‘आमच्याकडं साडेसहा.’

थोडा वेळ दोघंही नुसतेच श्वास घेत होतो. मग तो म्हणाला, ‘गोधडी घातली का?’

इतक्या वर्षांत आमचं एवढं मनमोकळं बोलणं झालं नव्हतं.

वसंत येईतो पाचाचे ४० झाले. गप्पी स्वतःचीच पिल्लं खातात, पण झाडी दाट असली की बरीचशी लपून वाचतात. आणि झाडी दाट करण्यात मी यशस्वी झालो होतो. मग वाटप सुरू झालं. कढीपत्ता द्यावा तसे मी पिशवीत चार-चार गप्पी घेऊन जिन्यात उभा राहायचो. लोक लिफ्टनं जायला लागले. नदीत सोडायची सूचना दोघातिघांनी केली, पण ती नको. बाहेरून आलेला हा मासा इथल्या लहान माशांच्या तोंडचा घास पळवतो, असं आता अभ्यासक सांगतात. ३२ वर्षं हे मासे सोडलेल्या काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘तेव्हा डास चावत होते हो.’

मे महिन्यात नऊ दिवस कोकणात जायचं ठरलं. घराची किल्ली काकांकडे. मी फुलस्केपच्या दोन पानांवर सूचना लिहिल्या, पाठपोट. खाद्य किती, दुतोंड्याच्या कुठवर पाणी उतरलं तर किती तांबे, कुठल्या बादलीतलं, दिवा कधी लागतो, वीज गेली तर काय, पाणी दुधाळ दिसलं तर काय, मासा वर येऊन श्वास घेत असेल तर काय, मला फोन कधी करावा आणि कधी लगेच करावा. नऊ पुड्या बांधून त्यांवर वार लिहिले. कोकणात रोज सकाळी काकांना फोन करायचो, ते ‘सगळं ठीक, सगळं ठीक’ म्हणायचे.

परतलो, तर बॅग न ठेवता आधी पेटीकडे गेलो. पाणी असं की आहे की नाही कळू नये. व्हॅलिस्नेरियाची पानं वर येऊन आडवी पसरली होती, रुसलेल्या क्रिप्टोकोरिनला सहा नवी पानं, दुतोंड्या गळ्यापर्यंत बाहेर, पण मजेत. काचेवर शेवाळाचा ठिपका नाही; माशांनी चाटून नेलं असणार. आणि पानांमधून डोळ्यांएवढी नवी पिल्लं. वर्षभरात पेटी इतकी देखणी कधी दिसली नव्हती.

मी तसाच काकांकडे गेलो. दार उघडंच होतं. ‘काका, कमाल केलीत! सगळं कागदाप्रमाणे केलंत ना?’

‘कुठला कागद?’

‘सूचनांचा. दोन पानं. आणि नऊ पुड्या.’

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी गॅलरीकडे बघितलं. गॅलरीत उन्हात लोणच्याच्या कैरीच्या फोडी मीठ लावून वाळत पडल्या होत्या. फोडींखाली माझी दोन फुलस्केप पानं होती. ‘लगेच फोन करावा’ या ओळीवर पाणी सुटून शाई पसरली होती. पुड्या कोपऱ्यात, सोमवारपासून पुढल्या मंगळवारपर्यंत, ओळीनं.

‘मी रोज डोकावून जात होतो हं,’ काका म्हणाले. ‘तुळशीला पाणी घालायला. अक्षर मात्र छान आहे तुमचं.’